सदतीस मतांची बाई

विधानसभेच्या इमारतीत तळमजल्यावर, जिन्याच्या पाठीमागे एक खोली आहे. तिथे ऊन येत नाही आणि मंत्रीही येत नाहीत. त्या खोलीत बसून एका माणसाने सव्वीस वर्षं राज्यातल्या यच्चयावत आमदारांची चरित्रं लिहिली, प्रत्येकाचं अठरा ओळींत. एकोणिसावी ओळ आजवर कुणाला मिळालेली नव्हती, मुख्यमंत्र्यांनाही नाही. आमदारांच्या अर्जांवर ते लाल पेन्सिल चालवत, चुकलेल्या जन्मतारखेखाली रेघ मारून अर्ज परत पाठवत, म्हणून सगळी इमारत त्यांना मास्तर म्हणायची. खरं तर त्यांनी आयुष्यात एक दिवसही शाळेत शिकवलं नव्हतं.

दर निवडणुकीनंतर सदस्यांची परिचय पुस्तिका निघे. डावीकडे फोटो, उजवीकडे जन्म, शिक्षण, व्यवसाय, कुटुंब, निवडणुका आणि शेवटी छंद. छंदाच्या रकान्यात दहातले नऊ जण 'वाचन' लिहीत. पुस्तकांची खोली मास्तरांच्या खोलीला लागूनच होती, आणि तिथे पाय ठेवलेले आमदार त्यांनी हाताच्या बोटांवर मोजले होते. पण छंद तपासायचा नियम नसल्यामुळे ते निमूटपणे 'वाचन' छापत.

नियम म्हणण्यापेक्षा रीत म्हणावी अशी आणखी एक गोष्ट होती. पुस्तिकेत फक्त विजय छापायचे, पराभव नाही. ही रीत कुणी घातली ते कुणालाच माहीत नव्हतं. मास्तरांच्या आधी या खुर्चीत बसणारे गृहस्थ म्हणत, हरलेल्या निवडणुका छापायच्या तर पुस्तिका दोन खंडांत काढावी लागेल आणि पहिला खंड कुणी घरी नेणार नाही. सव्वीस वर्षं मास्तरांनी ही रीत पाळली. निवृत्तीला चार महिने राहिले होते आणि ही त्यांची शेवटची पुस्तिका होती.

बाकीच्या आमदारांचे अर्ज त्यांच्या मदतनिसांनी टाइप करून पाठवले होते. एकच अर्ज हाताने लिहिलेला होता, टपोऱ्या अक्षरात, आणि त्याला टाचणीने आणखी एक कागद जोडलेला होता. वय एकोणसाठ. शिक्षण सातवी. व्यवसाय, शिलाई मशीन दुरुस्ती. छंदाच्या रकान्यात लिहिलं होतं, मशीन उघडून बघणे. मास्तर गालातल्या गालात हसले, आणि जोडलेला कागद उलटल्यावर त्यांचं हसू तिथल्या तिथे विरलं.

बाईंनी सातही निवडणुका लिहिल्या होत्या. पहिली, मतं सदतीस, पराभव. दुसरी, सहाशे अकरा, पराभव. तिसरी, चार हजारांच्या वर, पराभव. चौथी, एकोणीस मतांनी पराभव. पाचवी, पुन्हा खाली घसरून दोन हजार नऊशे. सहावी, सहा हजारांनी पराभव. सातवी, अकरा हजारांनी विजय. तीस वर्षांचा हिशेब सात ओळींत मांडला होता, आणि त्यात कुठे रडगाणं नव्हतं की फुशारकी.

मास्तरांची नजर चौथ्या ओळीवर खिळली. त्यांनी मतदारसंघाचं नाव पुन्हा वाचलं, साल पुन्हा वाचलं. मग उठून दार लावून घेतलं.

पंधरा वर्षांपूर्वी मतमोजणीसाठी त्यांची नेमणूक त्याच मतदारसंघात झाली होती. मतदान कागदी होतं. एका मोठ्या गोदामात टेबलं मांडलेली, प्रत्येक टेबलावर लाकडी खणांची चौकट. पहिला कारकून चिन्ह बघून मतपत्रिका खणात टाकी, पन्नास झाल्या की रबर लावून गठ्ठा करी. दुसऱ्याने तो गठ्ठा चाळायचा, म्हणजे पन्नासही कागदांचे कोपरे उलगडून सगळ्यांवर एकच चिन्ह आहे ना हे बघायचं, आणि चिठ्ठीवर सही करायची. मास्तर चाळणारे होते. पहाटे सहाला बसलेले, दुपारचे चार वाजलेले, पाठीचा काटा ढिला झालेला. शेवटच्या फेऱ्यांत त्यांनी तेच केलं जे सगळी टेबलं करत होती. वरचा कागद बघायचा आणि सही ठोकायची.

शिडी हे एका अपक्ष बाईचं चिन्ह होतं आणि कुलूप हे तेव्हाच्या आमदारांचं. कुलूप एकोणीस मतांनी जिंकलं. निकाल जाहीर झाला, बाहेर ढोल वाजू लागले, आणि पेटी बंद करताना मास्तरांच्या हातातल्या एका गठ्ठ्याचं रबर तुटलं. वर दोन कुलपं होती. त्याखाली शिडी, त्याखालीही शिडी, मग आणखी एक. गठ्ठ्यावर कुलपाची चिठ्ठी आणि चिठ्ठीवर मास्तरांची सही. इकडची दहा मतं तिकडे गेली तर निकाल फिरत होता. किती शिड्या होत्या हे त्यांनी पुढे बघितलंच नाही. पेटीला सील करायची लाख तयार होती, अधिकारी सही करत होते. घरी दोन लहान मुली होत्या आणि नोकरी जेमतेम अकरा वर्षांची होती. त्यांनी गठ्ठा पेटीत सरकवला आणि तोंडाला कुलूप लावलं.

हे त्यांनी बायकोलाही सांगितलं नव्हतं. तिला एवढंच माहीत होतं की त्या वर्षापासून हा माणूस बाजारातून आणलेल्या पालेभाजीच्या जुड्यासुद्धा सोडून आतली पानं बघतो. ती म्हणायची, वय झालं की माणूस संशयी होतो.

आता मास्तरांना रीत आठवली. पराभव छापायचा नसतो! त्यांना इतकं हलकं वाटलं की स्वतःचीच लाज वाटली. लाल पेन्सिल घेऊन त्यांनी सहाही पराभवांवर रेघ मारली, चरित्र सोळा ओळींत बसवलं आणि मजकूर अर्जासकट मंजुरीसाठी बाईंच्या नावाने पाठवून दिला. मंजुरीची सही नेहमी मदतनीस करून आणत. हे प्रकरण इथेच मिटलं असं ते धरून चालले.

तिसऱ्या दिवशी सकाळी अकराला दारावर टकटक झाली. दारात एक ठेंगणी बाई उभी होती, खांद्याला कातडी पिशवी, हातात लाल रेघांचा तो अर्ज. तिने आधी खोलीभर नजर फिरवली आणि विचारलं, "परिचय लिहिणारे मास्तर तुम्हीच ना?"

मास्तर उठून उभे राहिले. खुर्ची पुढे केली, पाणी दिलं. आमदारबाई बसल्या आणि सहा ओळी का खोडल्या ते त्यांनी शांतपणे विचारलं. मास्तरांनी रीत सांगितली. दोन खंडांचा विनोदही सांगून पाहिला. बाई मनापासून हसल्या. मग म्हणाल्या की या सहा ओळी गेल्या तर उरतं काय, एक बाई अचानक उपटली आणि निवडून आली एवढंच. वाचणाऱ्याला वाटेल लॉटरी लागली.

"लोक विसरतात ताई हरलेलं," मास्तर म्हणाले. "तुमच्याच फायद्याचं आहे."

"माझं सगळं त्या हरलेल्यातच आहे," बाई म्हणाल्या, आणि त्यांनी पहिल्या निवडणुकीची गोष्ट सांगितली.

तेव्हा त्या एकोणतीस वर्षांच्या होत्या. वडिलांच्या हाताखाली मशीनदुरुस्ती शिकलेल्या, घरोघर फिरणाऱ्या. वस्तीतला पाण्याचा नळ दोन वर्षं कोरडा होता आणि कुणी दाद देईना, म्हणून त्या रागाच्या भरात उभ्या राहिल्या. मोजणीच्या टेबलावरचा माणूस म्हणाला, बाई, तुमचा तर गठ्ठाही होत नाही. पन्नास असती तर रबर लावलं असतं. त्याने सदतीस कागद सुतळीने बांधले आणि कोपऱ्यात ठेवले.

घरी जाऊन त्यांनी बोटांवर माणसं मोजली. नवरा, वडील, भाऊ, भावजय, दीर. सासूबाईंनी तर तोंडावर सांगितलं, मी नाही दिलं, तू निवडून आलीस तर स्वयंपाक कोण करणार. घरची सगळी धरली तरी आठाच्या वर आकडा जाईना. म्हणजे एकोणतीस माणसं अशी होती की ज्यांनी न सांगता, न मागता, आत जाऊन शिडीवर शिक्का मारला होता.

"कोण असतील हो ती?" बाई म्हणाल्या. त्यांच्या डोळ्यांत तीस वर्षांपूर्वीचं नवल अजून तसंच होतं. "मला झोप येईना. हरल्याचं दुःख बाजूलाच राहिलं. दुसऱ्या दिवशी एका घरी मशीन बघायला गेले. पट्टा सैल झाला होता, दोन मिनिटांचं काम. एरवी मी पट्टा आवळला असता आणि निघाले असते. पण वाटलं, ही त्यांच्यातली असली तर? मग पूर्ण मशीन उघडलं. आतली धाग्याची गुंतवळ काढली, तेल घातलं. पुढच्या घरी गेले तर पुन्हा तेच मनात आलं. विचारायची तर सोय नाही. मत गुप्त असतं."

"मग?"

"मग काय, प्रत्येक घर त्यांचंच धरायचं. दुसरा मार्गच नव्हता."

मशीन उघडलं की घरातली बाई शेजारी बसते आणि बोलते. एकीच्या नवऱ्याचं पेन्शन अडलेलं, एकीच्या मुलीची शाळा ओढ्यापलीकडे आणि ओढ्यावर साकव नाही. बाई ऐकत, पिशवीतल्या वहीत लिहून घेत आणि कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवत. सहा गावं, चोवीस वस्त्या, तीस वर्षं. मधल्या काळात जिंकलेले तिघे आमदार ओढ्यावर पाहणी करून गेले. साकव बाईंनी हरलेल्या असताना बांधून घेतला. आपण सदतीसातले असं सांगणारे तोवर नऊशेच्या वर भेटले होते, असंही त्या म्हणाल्या. एवढे सगळे होते तर मी पडले कशी, असं म्हणून त्या पुन्हा हसल्या.

 सव्वीस वर्षांत मास्तरांनी हजारभर आमदारांची चरित्रं लिहिली होती. त्यांत हत्तीवरून मिरवलेले होते, तुरुंगात गेलेले होते, आजोबांपासून गादी चालवणारे होते. पण एकोणतीस अनोळखी माणसांनी विश्वास टाकला म्हणून लाखभर माणसांशी तीस वर्षं नीट वागणारं कुणी त्यांच्या लाल पेन्सिलीखाली आलं नव्हतं. त्यांना वाटलं, उठून या बाईच्या पायाला हात लावावा. आणि त्याच क्षणी त्यांना तो गठ्ठा आठवला.

बाईंनी अर्ज टेबलावर सपाट केला. त्या आयुष्यभर बिघाड शोधत आलेल्या होत्या. त्यांनी चौथ्या ओळीवर बोट ठेवलं.

"पाच ओळींवर तुम्ही साधी रेघ मारली आहे मास्तर. हिच्यावर इतक्या जोराने मारली की कागद फाटला. का?"

वर कुठेतरी घंटा वाजली, जिन्यावरून माणसांची ये-जा सुरू झाली. मास्तरांना नाही म्हणता आलं असतं. पेन्सिलीचं टोक खडबडीत होतं म्हणता आलं असतं. त्यांनी समोरच्या बाईच्या हातांकडे पाहिलं. नखांच्या कडेला मशीनचं तेल मुरलेलं होतं, आमदार होऊनही ते गेलं नव्हतं. त्यांच्याने खोटं बोलवेना.

त्यांनी सगळं सांगितलं. गोदाम, चार वाजलेली दुपार, न चाळलेला गठ्ठा, तुटलेलं रबर, दोन कुलपांखालच्या शिड्या. सांगताना ते उभेच होते. शेवटी म्हणाले, "मला माफ करा ताई."

बाईंनी ग्लास उचलला. न पिताच तो खाली ठेवताना पाणी अर्जावर सांडलं. मग त्या हळू आवाजात बोलू लागल्या.

"माझे वडील तेव्हा होते. त्या दिवशी गोदामाबाहेर सकाळपासून उभे. निकाल ऐकून म्हणाले, एकोणीस म्हणजे काय गं, एका लग्नाच्या जीपगाडीतली माणसं. पुढली निवडणूक त्यांनी पाहिली नाही. आपण एकोणीस माणसांना कमी पडलो, हेच धरून गेले ते. आणि तुम्ही पंधरा वर्षं गप्प बसलात."

 

बाई उठल्या. पिशवी खांद्याला लावली. दारापर्यंत गेल्या, आणि तिथून परत येऊन पुन्हा बसल्या.

"मला राग आलाय आणि तो इतक्यात जायचा नाही," त्या म्हणाल्या. "पण माफी माझ्याकडे मागू नका. ती मतं माझी नव्हती. ज्यांनी दिली त्यांची होती. कुणी काम बुडवून आलं असेल, कुणी म्हातारी नातवाच्या खांद्यावर हात ठेवून आली असेल. मागायची तर त्यांची मागा."

"ती माणसं कोण, ते मला कसं कळणार ताई?"

"नाही कळणार," बाई म्हणाल्या. "मला माझी सदतीस कुठे कळली अजून?"

मग त्यांनी ओल्या अर्जावरचं पाणी पदराने टिपलं आणि सातही ओळी छापायला सांगितल्या. अठरा ओळींत कसं बसवू, असं मास्तरांनी विचारलं. त्या म्हणाल्या, शिक्षणाची ओळ जन्मात घाला, मी फार शिकलेच नाही. आणि त्या निघून गेल्या.

मास्तरांनी तो मजकूर सहा वेळा लिहिला. शेवटी छंद काढून टाकला, कुटुंब आणि व्यवसाय एका ओळीत आणले, आणि सात निवडणुका एकाखाली एक उभ्या केल्या. बरोबर अठरा ओळी झाल्या. मग दुसऱ्या कागदावर त्यांनी पंधरा वर्षांपूर्वीची हकीकत लिहिली, खाली सही केली आणि दोन्ही कागद वरच्या मजल्यावर आपल्या खात्याच्या साहेबांकडे नेले.

साहेबांनी हकीकत वाचली, चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचली. त्या मतपत्रिका नियमाप्रमाणे केव्हाच नष्ट झाल्या होत्या, आता काहीच सिद्ध होणार नव्हतं, झालाच तर त्रास मास्तरांनाच होणार होता. साहेब भला माणूस होता. त्याने कागद परत पुढे सरकवला आणि म्हणाला, मास्तर, झाकली मूठ सव्वा लाखाची.

"मूठ माझी आहे साहेब," मास्तर म्हणाले. "आतलं माझं नाही."

कागद त्यांनी टेबलावरच ठेवला. पुढे चौकशी लागेल किंवा लागणारही नाही. त्या संध्याकाळी मास्तरांनी घरी बायकोला सगळं सांगितलं. ती पालेभाजी निवडत होती. तिने हातातली जुडी त्यांच्यापुढे ठेवली आणि म्हणाली, तरीच.

पुस्तिका छापून आली त्या दिवशी दुपारी एक वाजायला पाच मिनिटं असताना मास्तरांच्या दारात एक माणूस येऊन उभा राहिला. पन्नाशी उलटलेला, बुटांवर लांबच्या रस्त्याची धूळ, हातात कागदांची पिशवी. त्याच्या गावच्या धरणाबद्दल बारा वर्षांपूर्वी सभागृहात प्रश्न विचारला गेला होता, त्याचं उत्तर त्याला हवं होतं. तीन खिडक्यांवरून त्याला इकडे पाठवलं होतं. एक ते दोन जेवणाची सुट्टी. सव्वीस वर्षं मास्तर अशा माणसाला एकच वाक्य सांगत आले होते, तीन नंबरच्या खिडकीवर उद्या या.

मास्तरांनी गावाचं नाव विचारलं. माणसाने सांगितलं. गाव बाईंच्या मतदारसंघातलं होतं, ओढ्याच्या अलीकडचं.

मास्तरांनी त्याच्याकडे नीट बघितलं. पंधरा वर्षांपूर्वी हा पस्तीस-चाळिशीचा असेल. रांगेत उभा राहिला असेल, आत गेला असेल, शिक्का मारला असेल. कशावर? प्रश्न ओठांवर आला आणि त्यांनी तो गिळला. तो विचारायचा नसतो.

डबा उघडलेला होता. मास्तरांनी तो झाकला, स्वतःची खुर्ची त्या माणसाला दिली आणि सभागृहाच्या बारा वर्षांपूर्वीच्या कामकाजाच्या कपाटाची किल्ली शोधायला सुरुवात केली.